सरकणारं मैदान

मंगल कार्यालयाच्या मालकाला विचारा. मुहूर्त मोजके, एरवी हॉल रिकामा आणि वॉचमनचा पगार मात्र चालू. इंग्लंडमधल्या फुटबॉल क्लबांचं दुखणं हेच. प्रीमियर लीगचे घरचे सामने १९, चषकांचे धरले तर पंचवीसेक. बाकी वर्षभर एवढ्या मोठ्या वास्तूचं करायचं काय?

उत्तर लंडनच्या टॉटनहॅम हॉट्स्परने यावर काढलेला तोडगा थेट जमिनीत बसवलेला आहे. इथलं मैदान सरकतं. हिरवळीखाली तीन अगडबंब पोलादी ट्रे आहेत, प्रत्येकाचं वजन तीन हजार टनांहून जास्त. सामना संपला, पुढचा कार्यक्रम वेगळा असला, की मैदान लांबीने तीन भागांत सुटतं आणि दक्षिण स्टँडच्या पोटात शिरतं. तीनच भाग का? १७,५०० खुर्च्यांचा तो स्टँड झाडासारख्या फांद्या फुटलेल्या दोन पोलादी खांबांनी तोललेला आहे. अखंड मैदान त्यांच्यामधून जाणारच नाही. साधारण २५ मिनिटांत खालचं कृत्रिम गवत उघडं पडतं. ते अमेरिकन फुटबॉलचं. त्या संघांचा लवाजमा मोठा, म्हणून त्यांच्या ड्रेसिंग रूमही वेगळ्या. तोवर खरं गवत आत दिव्यांच्या उजेडावर जगतं.

जुनं व्हाइट हार्ट लेन पाडून त्याच जागेवर हे ६२,८५० आसनांचं स्टेडियम उभं राहिलं. सुरक्षा यंत्रणेतल्या त्रुटींमुळे उद्घाटन महिनोन्‌महिने रखडलं. ३ एप्रिल २०१९ रोजी पहिला लीग सामना झाला आणि पहिला गोल सन ह्युंग-मिनने मारला. खर्च अब्ज पौंडांच्या घरात, बराचसा कर्जाने. वर्षभरात कोरोना आला आणि दारं बंद.

मला यातला सगळ्यात चतुर भाग गल्ल्यावरचा वाटतो. मध्यंतर १५ मिनिटांचं. तेवढ्यात हजारो तहानलेली माणसं रांगेत उभी राहणार आणि शिट्टी झाली की त्यातली अर्धी रिकाम्या हाताने परतणार. म्हणून ६५ मीटर लांबीचा बार, आवारातच बिअर गाळण्याची भट्टी आणि तळातून भरणारे ग्लास! ओतणाऱ्याला ग्लास तिरका धरून थांबावं लागत नाही. वाचलेला प्रत्येक सेकंद गल्ल्यात. २०२२-२३च्या हंगामात सामन्यांच्या दिवसांचं उत्पन्न ११ कोटी पौंडांवर गेलं, जुन्या मैदानाच्या दुपटीहून जास्त. स्टँडखाली गो-कार्टचा ट्रॅकही आला.

क्लब २००१पासून एनिक या गुंतवणूक कंपनीच्या ताब्यात. सप्टेंबर २०२५पर्यंत अध्यक्ष असलेले डॅनियल लेव्ही हिशेबाला पक्के. चाहत्यांची तक्रार तीच: उत्पन्नाच्या मानाने खेळाडूंच्या पगारावरचा खर्च इतर बड्या क्लबांपेक्षा कमी, तिकिटं मात्र महाग. तिजोरी भरते, चषकांचं कपाट रिकामं. माझ्या मते तक्रार अर्धीच खरी आहे. पैसा ओतून बुडालेले क्लबही इंग्लंडने पाहिलेत. पण अर्धी खरी तक्रारही स्टेडियमबाहेर फलक घेऊन उभी राहते.

मग २०२५चा मे उजाडला. लीगमध्ये संघ सतरावा, म्हणजे बुडता बुडता वाचलेला. त्याच संघाने २१ तारखेला बिल्बाओत मँचेस्टर युनायटेडला १-० हरवून युरोपा लीग जिंकली. २००८नंतरचा पहिला चषक. ६ जूनला प्रशिक्षक अँज पोस्तेकोग्लू यांना नारळ मिळाला. आदल्याच रात्री स्टेडियममध्ये बियॉन्सेच्या सहा कार्यक्रमांपैकी पहिला झाला होता. दुसरा सातला होता.