शुल्कमाफीनंतर : युगांडाचा अनुभव

शाळेच्या वा दवाखान्याच्या दारात आकारले जाणारे शुल्क वरकरणी क्षुल्लक वाटते. परंतु ज्या शेतकरी कुटुंबाच्या हाती रोख पैसा वर्षातून एकदोनदाच, पीक विकल्यावर येतो, त्याच्या दृष्टीने शुल्काच्या रकमेइतकाच ते भरावयाचा दिवसही महत्त्वाचा असतो. मुलाचा ताप सुगीपर्यंत थांबत नाही. या दृष्टीने पूर्व आफ्रिकेतील युगांडाचे उदाहरण उद्बोधक आहे. कारण तेथे शिक्षण व आरोग्य या दोन्ही क्षेत्रांतील शुल्क अवघ्या चार-पाच वर्षांच्या अंतराने रद्द करण्यात आले.

१९८०च्या दशकात कर्जाने वाकलेल्या अनेक आफ्रिकी देशांना सार्वजनिक सेवांचा खर्च पेलेनासा झाला. १९८७ मध्ये जागतिक बँकेने रुग्णांकडून शुल्क घेण्याचा पुरस्कार केला. त्यामुळे औषधांसाठी निधी उभा राहील व सेवेच्या अनावश्यक वापरास आळा बसेल, अशी त्यामागील विचारसरणी होती. गरिबांना सूट द्यावी, असेही सुचविले गेले. प्रत्यक्षात गरीब कोणास म्हणावे हे ठरविणे दुष्कर ठरले आणि दवाखान्यापासून दूर राहिले ते मुख्यतः निर्धनच.

युगांडाने जानेवारी १९९७ पासून सार्वत्रिक प्राथमिक शिक्षणाची योजना अमलात आणली. आरंभी प्रत्येक कुटुंबातील चार मुलांचे शिक्षणशुल्क शासनाने उचलले. पुढे ही मर्यादाही दूर झाली. पटावरील मुलांची संख्या वर्षभरात सुमारे ३० लाखांवरून ५० लाखांच्या पुढे गेली. एकाच मुलापुरते पैसे असतील तेथे बहुधा मुलग्याची निवड होत असे. त्यामुळे गरीब घरांतील मुलींना या निर्णयाचा विशेष लाभ झाला. मार्च २००१ मध्ये, रुग्णालयांतील खाजगी कक्ष वगळता, सरकारी आरोग्यसेवाही विनामूल्य झाली. रुग्णांची संख्या झपाट्याने वाढली आणि तीत गरिबांचे प्रमाण लक्षणीय होते.

तथापि, चित्राची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. शिक्षक, वर्गखोल्या व पुस्तके त्या प्रमाणात वाढली नाहीत. खालच्या इयत्तांत एकेका वर्गात शंभराहून अधिक मुले बसू लागली व अनेकांनी वरच्या इयत्ता गाठण्यापूर्वीच शाळा सोडली. गणवेश, वह्या व दुपारचे जेवण यांचा भार पालकांवरच राहिला. आरोग्यकेंद्रांतील औषधांचा साठा वारंवार संपे. मग रुग्ण चिठ्ठी घेऊन खाजगी दुकानाची वाट धरी. परिणामी, गरिबांनी आरोग्यसेवेचा अधिक लाभ घेतला, तरी उपचारखर्चामुळे कोलमडणाऱ्या अतिनिर्धन कुटुंबांचे प्रमाण घटले नाही, असे सर्वेक्षणांच्या विश्लेषणातून आढळून आले.

यावरून शुल्कमाफी फसली, असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. दार उघडताच लोटलेली गर्दी हाच दडपलेल्या गरजेचा पुरावा होता. मात्र शुल्क रद्द होते तेव्हा सेवेचा खर्च नाहीसा होत नाही, तो शासनाकडे येतो. आणि शासनाने तो उचलला नाही, तर तो औषधाच्या दुकानातून पुन्हा रुग्णाच्याच पदरी पडतो. भारतात ६ ते १४ वर्षे वयाच्या मुलांना विनामूल्य शिक्षणाचा कायदेशीर हक्क १ एप्रिल २०१० पासून मिळाला आहे. सरकारी रुग्णालयातून मिळणारी 'बाहेरून आणा' ही चिठ्ठीही आपल्या परिचयाची आहे. म्हणूनच शुल्कमाफीच्या प्रत्येक घोषणेसोबत त्या वर्षीच्या अंदाजपत्रकात शिक्षक व औषधे यांसाठी किती तरतूद झाली, हे पाहणे अगत्याचे ठरते.