निदानानंतरची दहा मिनिटं

सकाळी ६:१५
पुण्याहून एस.टी. पकडते. अडीच तासांवरच्या एका ग्रामीण रुग्णालयात आज दिवसभर काम आहे. पूर्वी मी एका सरकारी रुग्णालयाच्या एचआयव्ही समुपदेशन आणि चाचणी केंद्रात, म्हणजे आयसीटीसीत, समुपदेशक होते. दार लावून एका वेळी एकाच माणसाचं ऐकायचं, हे माझं काम. आता मी सर्व्हिस डिझाइन करते. रुग्णालयाच्या फाटकापासून घरी गोळी घेईपर्यंत माणसाला जे जे शोधावं, समजून घ्यावं आणि सोसावं लागतं, त्याची नव्याने आखणी करायची. सध्याचा विषय आहे क्षयरोगाच्या उपचाराची सुरुवात.

सकाळी ८:४५
ओपीडी उघडायला वेळ आहे, तरी केसपेपरच्या खिडकीपुढे रांग लागली आहे. मी रांगेच्या कडेला उभी राहते आणि लोक कुठे अडतात, कुणाला विचारतात, हे टिपते. भिंतीवर बाण काढलेली पाटी आहे, पण बहुतेक जण शिपायालाच विचारतात. "थुंकी कुठं तपासतात?" हा प्रश्न मात्र आवाज खाली करून येतो. पाटी मोठी केल्याने हे सुटणार नाही. ज्या आजाराचं नाव चारचौघांत घेववत नाही, त्याची खोली कुणालाही न विचारता सापडली पाहिजे. वहीत पहिली सूचना लिहिते : खिडकीवरच प्रत्येकाच्या केसपेपरवर खोली क्रमांक लिहून द्यावा.

सकाळी १०:००
क्षयरोग विभागात परवानगी घेऊन कोपऱ्यात बसते. एक तरुण शेतमजूर आणि त्याची बायको समोर आहेत. थुंकीच्या सीबीनॅट तपासणीचा अहवाल आला आहे. उपचार पर्यवेक्षक शांतपणे सांगतात, "टीबी निघालाय, पण पूर्ण बरा होतो."

त्यानंतरच्या दहा मिनिटांत त्याचं वजन होतं, त्यानुसार गोळ्यांची संख्या ठरते, क्षयरुग्णांच्या सरकारी नि-क्षय पोर्टलवर नोंद होते, घरात कोण कोण आहे ते विचारलं जातं, एचआयव्ही चाचणीसाठी संमती घेतली जाते, पोषणाच्या पैशांसाठी बँकेचं पासबुक मागितलं जातं. गोळ्या कशा घ्यायच्या, लघवीचा रंग बदलेल, मध्येच सोडायच्या नाहीत, हेही सांगून होतं. सांगणारा मनापासून सांगतो. पण तो तरुण "टीबी" या शब्दापाशीच थांबला आहे. मान हलते, नजर हलत नाही. समुपदेशकाला ही मान ओळखता येते.

आयसीटीसीत चाचणीआधी एक संवाद आणि निकालानंतर एक संवाद ठरलेला असतो. ती कुणाच्या चांगुलपणावर सोडलेली गोष्ट नाही. कार्यपद्धतीतच ती आहे आणि २०१७च्या एचआयव्ही-एड्स कायद्याचाही तिला आधार आहे. बातमी पचवायला लागणारा वेळ तिथे सेवेतच धरलेला आहे. मी अनेक वर्षं जे काम म्हणून केलं, ते कुणीतरी आधी आखून ठेवलं होतं, हे मला या दुसऱ्या व्यवसायात आल्यावर स्पष्ट दिसलं.

सकाळी ११:३०
आवारातल्या कडुलिंबाखाली एका मावशींशी बोलते. उपचाराचा चौथा महिना सुरू आहे. आधी सांगते, की माझ्या प्रश्नांना उत्तर दिलं नाही तरी औषधाला काही फरक पडणार नाही, आणि नाव कुठेही येणार नाही. मग सुरुवातीचे दिवस विचारते.

"लघवी लाल-केशरी झाली. वाटलं, रक्त चाललंय. गोळ्या बंद केल्या."

हा रिफाम्पिसिनचा नेहमीचा परिणाम, धोक्याचा नाही. तो पहिल्याच दिवशी त्यांना सांगितलाही होता. समुपदेशक असते तर मी त्या भीतीपाशी थांबले असते. इथे पुढचा प्रश्न विचारते : "मग कुणाला विचारलंत?" शेजारणीला. ती काय म्हणाली, परत कधी सुरू केल्या, कुणाच्या सांगण्यावरून, असा धागा धरत जाते. आशाताई घरी आल्या म्हणून गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, हे त्यातून कळतं.

सुनेने ताट-वाटी वेगळी केल्याचं सांगताना त्यांचा गळा दाटतो. मी वही मिटते. इथे मुलाखत संपते. जखम उकरून माहिती मिळवायची नाही, आणि एका भेटीत उपचार करतोय असा आवही आणायचा नाही. त्यांच्या होकाराने त्यांना इथल्या समुपदेशकाकडे घेऊन जाते आणि टेलि-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक लिहून देते.

दुपारी १:१५
डबे उघडतात. पर्यवेक्षक, प्रयोगशाळा तंत्रज्ञ, दोन आशाताई. इथे मी जेवढं शिकते तेवढं मुलाखतीत शिकत नाही. मोटारसायकलवरची गावं, रेंज नसताना राहिलेल्या नोंदी, संध्याकाळी घरी बसून भरलेली माहिती. रुग्णाला यातलं काहीच दिसत नाही. लिन शोस्टॅक यांनी १९८४मध्ये सेवेचा नकाशा कसा काढायचा ते मांडलं. त्यात एक रेघ असते. रेघेच्या वर ग्राहकाला दिसणारं काम, खाली न दिसणारं. मानसशास्त्रात मला रेघेच्या वरचा माणूस शिकवला होता. खालचा माणूस दमला तर वरच्याचंही बिघडतं, हे या नकाशाने शिकवलं.

दुपारी २:३०
भिंतीवर खाकी कागद, त्यावर चिठ्ठ्या. त्या दहा मिनिटांत सांगितलेली प्रत्येक गोष्ट एका चिठ्ठीवर. प्रश्न एकच : यातलं आजच काय सांगायला हवं?

आजार बरा होतो, नेहमीच्या टीबीला सहा महिने लागतात, औषध मोफत, गोळी आजपासून, खोकताना तोंड झाकायचं. हे आजच. घरातल्यांची तपासणीही लांबवता येत नाही. पासबुकाची चिठ्ठी मी पुढच्या भेटीकडे सरकवते, तेव्हा पर्यवेक्षक अडवतात. "मॅडम, परत यायचं म्हणजे त्याचा एक रोज बुडतो." त्यांचं बरोबर आहे. नि-क्षय पोषण योजनेचे महिन्याचे ५०० रुपये नोव्हेंबर २०२४पासून १,००० झाले. ते उशिरा मिळून चालणार नाहीत. शेवटी ठरतं ते असं : निदानानंतर आशाताई घरी जातातच, त्याच भेटीत पासबुकाचा फोटो घ्यायचा. लघवीच्या रंगाबद्दल गोळ्यांच्या पाकिटासोबत एक चित्रकार्ड द्यायचं, आणि दुसऱ्या दिवशी फोन करायचा.

दुपारी ४:००
नव्या क्रमाची तालीम. समुपदेशनाच्या प्रशिक्षणातला रोल-प्ले इथे उपयोगी पडतो. पर्यवेक्षक रुग्णाच्या स्टुलावर बसतात, आशाताई त्यांच्या खुर्चीत. दोन मिनिटांत ते म्हणतात, "दार पाठीमागं आहे. कोण आत येतंय, कोण ऐकतंय, सारखं मागं बघावंसं वाटतं." टेबल लगेच फिरवलं जातं. कुणाची मंजुरी लागत नाही.

संध्याकाळी ६:००
परतीच्या गाडीत एका तरुण समुपदेशिकेचा फोन येतो. तिला सर्व्हिस डिझाइनमध्ये यायचं आहे. मी सांगते : ऐकणं, गप्प राहता येणं, सूचक प्रश्न टाळणं, संमती आणि गोपनीयतेची शिस्त, हे तुझ्याजवळ आहे. नकाशा काढणं, खर्च मांडणं, शासन निर्णय वाचणं, बदलाचा परिणाम मोजणं शिकावं लागेल. मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी १९५१च्या पुस्तकात उपचाराच्या केंद्रस्थानी समोरचा माणूस ठेवला, तोच इथेही केंद्रस्थानी आहे. पण त्याच्याशी महिनोन् महिने जुळत जाणारं नातं इथे मिळत नाही. त्याची उणीव मला जाणवते, आणि तिलाही जाणवेल.

रात्री ९:००
टिपणांतली नावं, गावं काढून टाकते. मग मोजायचं काय ते लिहिते. 'सेवा आवडली का' हा प्रश्न मी घेत नाही. दुसऱ्या महिन्याच्या गोळ्या न्यायला किती जण वेळेवर येतात आणि किती जणांना लघवीच्या रंगाचं कारण स्वतःच्या शब्दांत सांगता येतं, एवढंच पाहायचं आहे.

समजून घेणारं माणूस भेटलं तर उपचार नीट पार पडतो, हे मी समुपदेशक असताना रोज पाहिलं. पण असं माणूस भेटणं नशिबावर का सोडायचं? गर्दीच्या दिवशी, दमलेल्या कर्मचाऱ्याकडून, पहिल्यांदाच आलेल्या रुग्णालाही ती समजूत मिळायला हवी. त्यासाठी ती कामाच्या क्रमात, टेबलाच्या दिशेत आणि दुसऱ्या दिवशीच्या फोनमध्ये आधीच ठेवावी लागते. ते काम मला करायचं आहे.