शेवटचं कडवं कोणतं?

२००८च्या नाताळात ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या साप्ताहिक यादीत एकच गाणं तीन ठिकाणी होतं. पहिल्या क्रमांकावर ‘एक्स फॅक्टर’ ही टीव्हीवरची स्पर्धा जिंकलेल्या अलेक्झांड्रा बर्कचं ‘हालेलुया’, दुसऱ्यावर जेफ बक्लीचं ‘हालेलुया’ आणि पार छत्तिसाव्या क्रमांकावर लेनर्ड कोहेनचं, म्हणजे ज्याने ते लिहिलं त्याचं. बक्लीला जाऊन तेव्हा अकरा वर्षं झाली होती. बर्कला पहिला नंबर मिळू नये म्हणून त्याच्या चाहत्यांनी त्याचं जुनं गाणं विकत घेण्याची रीतसर मोहीमच काढली होती. चाल तीच, शब्द बरेचसे तेच, तरी एका पक्षाने केलेला सोहळा दुसऱ्याला विटंबना वाटत होता.

हा वाद आजही मिटलेला नाही. कुणाला ही प्रार्थना वाटते, कुणाला देहाचं गाणं, कुणाला मोडलेल्या संसाराचं रडगाणं. लग्नात नवरा-नवरी आत येताना ते वाजतं आणि शवपेटी उचलतानाही. ‘ज्याची त्याची आवड’ म्हणून विषय संपवता येईल. पण इथे आवडीनिवडीच्याही आधी एक अडचण आहे: भांडणारे मुळात एकच गाणं ऐकत नाहीत.

कोहेनने या गाण्यावर अनेक वर्षं घालवली. लिहून टाकून दिलेल्या कडव्यांचा आकडा ऐंशीच्या घरात सांगतात. १९८४च्या ‘व्हेरियस पोझिशन्स’ या अल्बमसाठी त्यातली चार निवडली. अमेरिकेतल्या त्याच्या कंपनीने तो अल्बम बाजारात आणायलाच नकार दिला, ही पुढे त्या कंपनीला आयुष्यभर चिकटलेली गोष्ट. त्या चार कडव्यांत बायबलमधला वाद्य वाजवणारा दावीद राजा आहे, त्याला गच्चीवरून दिसलेली न्हाणारी बथशेबा आहे, शमशोनाचे केस कापले गेल्याची आठवण आहे. आणि शेवटी एक माणूस उभा राहून आपल्या आयुष्याचा हिशेब देतो: जमलं तेवढं केलं, फारसं जमलं नाही, तरी सुरांच्या देवापुढे उभा राहीन तेव्हा ओठांवर स्तुतीच असेल. म्हणजे हार मान्य आहे, तक्रार नाही.

चार वर्षांनी रंगमंचावर कोहेन जवळपास वेगळंच गाणं गाऊ लागला. दावीद गेला, बथशेबा गेली. त्यांच्या जागी एक ओळखीची खोली आली, दुरावलेली बाई आली, शरीरसुखाची उघड आठवण आली आणि प्रेम म्हणजे विजययात्रा नव्हे, हा कडवट अनुभव आला. जुन्यातलं एकच कडवं त्याने हलवलं नाही. हिशेबाचं, शेवटचं.

ते कडवं हललं दुसऱ्याच्या हातून. १९९१मध्ये कोहेनच्या सन्मानार्थ निघालेल्या ‘आय ॲम युअर फॅन’ या अल्बमसाठी वेल्सच्या जॉन केल या गायकाने त्याच्याकडे शब्द मागितले, तेव्हा फॅक्समधून पंधरा पानं बाहेर आली. केलने त्यातली चावट कडवी उचलली, असं तो स्वतःच गमतीने सांगतो. आरंभी जुन्यातली दोन, पुढे नव्यातली तीन, आणि हिशेबाचं कडवं गाळलेलं. आता गाणं संपतं ते प्रेमातून आपण फक्त घाव घालायला शिकलो या कबुलीवर, आणि गार पडलेल्या, तुटलेल्या हालेलुयावर. बक्लीने केलचीच आवृत्ती ऐकली आणि तिचीच पाच कडवी १९९४च्या ‘ग्रेस’ अल्बमसाठी गायली. सुरुवातीला त्याने सोडलेला श्वास ऐकू येतो, मग एकटी इलेक्ट्रिक गिटार, आणि पुढची जवळजवळ सात मिनिटं जिव्हारी लागलेल्या पोराचा आवाज. देवाची नव्हे, देहाच्या परमसुखाची ही स्तुती आहे, अशा अर्थाचं तो मुलाखतीत बोलला होता. १९९७मध्ये मेम्फिसजवळ नदीत बुडून तो गेला, वयाच्या तिसाव्या वर्षी, आणि त्यानंतर हे गाणं ऐकणाऱ्याला ते मृत्यूपासून वेगळं करणं जड जाऊ लागलं.

२००१मध्ये ‘श्रेक’ आला. मुलांच्या चित्रपटात शृंगार चालणार नव्हता, म्हणून केलचं गाणं कापून घेतलं. एका पिढीला ‘हालेलुया’ भेटलं ते एका हिरव्या राक्षसाच्या विरहात, आणि तेही अर्धंच. पुढे चर्चमधल्या गायकांनी नाताळासाठी शब्दच बदलले. संतांच्या अभंगांत पाठभेद असतात तसे हे पाठभेद आहेत. फरक इतकाच की इथे कवी हयात होता आणि पहिले पाठभेद त्याने स्वतःच पाडले होते.

शब्द इतके बदलूनही गाणं टिकतं, कारण चाल कोणताही अर्थ पेलते. सहा मात्रांत डुलणारी ही लय चर्चमध्येही शोभते आणि बारमध्येही. पहिल्याच ओळीपासून मेजर आणि त्याच्या सख्ख्या शेजारचा मायनर असा झोका सुरू होतो, त्यामुळे कान ना आनंदात स्थिरावत ना दुःखात. पहिल्या कडव्यात कोहेन चौथ्या, पाचव्या सुराची, मायनरच्या उताराची नि मेजरच्या चढाची भाषा बोलतो, तेव्हा गिटारवर नेमके तेच कॉर्ड पडत असतात. ध्रुवपदाच्या तोंडाशी सप्तकाबाहेरचा एक सूर घेतलेला कॉर्ड येतो, क्षणभर काळजात चर्र होतं, आणि मग एकच शब्द चार वेळा. तो शब्द काही सांगत नाही, काही विचारत नाही. ऐकणाऱ्याने आपलं जे काही असेल ते त्यात ओतावं.

मला विचाराल तर बक्लीचा गळा मोठा, पण गाणं कोहेनचं. शेवटचं कडवं काढलं की उरतं ते एका तरुणाचं दुःख. ते खरं आहे, सुंदरही आहे, पण कोहेनला त्याच्या पलीकडचं म्हणायचं होतं. पूर्ण हालेलुया आणि मोडका हालेलुया यांची किंमत सारखीच, असं तो सांगत असे.

त्याच्या धर्माचा दाखला देऊनही वाद सुटत नाही. मॉन्ट्रियलच्या धर्मनिष्ठ ज्यू घरातला हा माणूस १९९६मध्ये कॅलिफोर्नियातल्या मठात झेन भिक्षू झाला आणि १९९९मध्ये तिथून उतरून मुंबईत आला. बँक ऑफ इंडियातल्या मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले रमेश बाळसेकर दक्षिण मुंबईतल्या आपल्या घरी सकाळी प्रश्नोत्तरं करत, तिथे तो जाऊन बसे. निसर्गदत्त महाराजांची मराठी निरूपणं इंग्रजीत सांगणारे ते हेच बाळसेकर. कर्ता कुणीच नाही, जे घडतं ते घडतं, ही त्यांची शिकवण. आयुष्यभराचं नैराश्य त्याच सुमारास निवळल्याचं कोहेनने पुढे सांगितलं. पण वयाच्या सत्तरीत पुन्हा दौऱ्यावर निघाला तेव्हा हिशेबाचं कडवं त्याने सोडलं नाही. उलट, तुम्हाला फसवायला आलो नाही या अर्थाच्या ओळीत तो त्या त्या गावाचं नाव घालू लागला. याच काळात त्याने हसत कबूल केलं की गाणं चांगलं आहे, पण ते गाणारे जरा जास्तच झालेत.

कोहेन २०१६मध्ये गेला आणि गाणं राजकारण्यांच्या हाती पडलं. जानेवारी २०२१मध्ये बायडेन यांच्या शपथविधीच्या आदल्या संध्याकाळी, कोविडमध्ये गेलेल्यांसाठी वॉशिंग्टनला योलांडा ॲडम्सने ते गायलं आणि लोक हेलावले. त्याआधी पाच महिने रिपब्लिकन पक्षाच्या अधिवेशनाची सांगता त्याच गाण्याने झाली होती, तीही कोहेनच्या वारसांनी परवानगी नाकारलेली असताना. त्यांच्या बाजूने निघालेल्या निवेदनात निषेधासोबत एक पुस्ती होती: कोहेनचंच दुसरं गाणं, ‘यू वॉन्ट इट डार्कर’, मागितलं असतं, तर कदाचित विचार केला असता.