जट सोडवायची, कातर बाजूला ठेवून

हिवाळा सरला की पुणतांब्याच्या गोदाकाठी गवत वाळतं आणि कुसळं, गोखरू जो जाईल त्याला चिकटतात. गावठी मांजराचं त्यानं काही अडत नाही. आखूड केस, चाटूनपुसून अंग साफ. पर्शियनचं तसं नाही. वर लांब केस, खाली दाट मऊ लव. ही लव झडते, पण बाहेर न पडता लांब केसांतच अडकते. त्यात अंगाचं तेल, धूळ, एखादं कुसळ मिसळलं की कानामागे, काखेत, पोटाखाली, शेपटीच्या बुडाशी गाठी बसतात. दुर्लक्ष झालं की त्यांची जट होते. ती चालताना, बसताना कातडी ओढत राहते. मांजर अंगाला हात लावू देत नाही, ते या दुखण्यापायी.

अशा वेळी घरात पहिल्यांदा कातर शोधली जाते. तिथंच घात होतो. मांजराची कातडी पातळ नि सैल. जट वर उचलली की तीही सोबत उचलली जाते आणि केस कुठं संपले ते दिसत नाही. मेंढ्या कातरणारे धनगरही कातडी ताणून धरतात, ती कातरीत सापडू नये म्हणून. अंघोळही आधी नको, पाण्यानं गाठ आणखी आवळते.

जटेवर चिमूटभर कॉर्नफ्लोअर चोळावं. कातडीलगत केस दोन बोटांत घट्ट धरावेत, म्हणजे ओढ कातडीला लागत नाही. मग दुसऱ्या हातानं गाठ टोकाकडून थोडी थोडी उकलावी आणि नंतरच रुंद दातांचा स्टीलचा कंगवा फिरवावा. शेपूट आपटायला लागली, कान मागे गेले की हात थांबवावा, उरलेलं उद्या. कुत्र्याची पिसवांची पावडर मात्र चुकूनही लावू नये. त्यातल्या अनेकांत परमेथ्रिन असतं, ते मांजराच्या जिवावर बेतू शकतं. टी ट्री तेलही विषारीच.

उकाडा वाढला म्हणून सरसकट भादरू नये. केस उन्हापासूनही राखतात. पण जट कातडीला सपाट चिकटली असेल तर घरी झटापट नको. पशुवैद्य गरज पडल्यास गुंगी देऊन मशीननं ती काढतात. खाली अनेकदा लाल, ओलसर जखमा निघतात.

म्हाताऱ्या मांजराच्या पाठीवर एकाएकी गुंता दिसू लागला, तर कंगव्याआधी डॉक्टरांना त्याचे दात आणि सांधे दाखवावेत. दुखतंय म्हणून त्यानं चाटणं सोडलेलं असू शकतं.