सौरपंपाची प्लेट : काळी की निळी?



आंधळगावच्या शिवारात ऊस-नोंदीला फिरताना हल्ली आम्हाला एकच प्रश्न येतो, "साहेब, प्लेट काळी घ्यावी का निळी?"

दोन्ही सिलिकॉनच्याच. काळी एका अखंड स्फटिकातून कापलेली. पडलेल्या उजेडापैकी २० ते २२ टक्के विजेत उतरवते. निळी अनेक स्फटिकांची, १५ ते १७ टक्के. तेवढ्याच पंपाला जागा जास्त खाते. बाजारातही ती आता कमीच. तिसरी, काचेवर कॅडमियम टेल्युराइडचा पातळ थर दिलेली. तिला ताप कमी बाधतो, पण शेतपंपावर क्वचितच दिसते.

प्लेटला ऊन हवे, ताप नको! २५ अंशांपुढे दर अंशाला सिलिकॉनची ताकद ०.३ ते ०.४ टक्का घटते. मे महिन्यात प्लेट ६५ अंशांवर गेली, की बारा ते सोळा टक्के गेलेच. अन् नेमके तेव्हाच उसाला पाणी हवे. खालून वारा खेळता ठेवा.

खरा घात मात्र उसाचाच. सेल माळेने जोडलेले. थोड्यांवर सावली आली तरी पाटात बोळा बसल्यागत होते. लावणीला मोकळी दिसणारी जागा ऊस पुरुषभर झाला की झाकते. तेव्हा सांगाडा उसाच्या दक्षिण बांधावर, तोंड दक्षिणेला. धूळ सकाळीच, काच तापण्याआधी धुवावी.