लिलावात नाव नाही, तरी मैदानात: प्रवीण तांबेंचा हिशेब

मागच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत आला. "सर, कर्ज नामंजूर झालं." "दादा, योजनेच्या यादीत नाव नाही. धंद्याचा नाद सोडू का?" आज याचं उत्तर योजनेतून नाही, क्रिकेटमधून देतो.

अमेरिकेत फुटबॉलचा एक प्रकार आहे, हेल्मेट घालून खेळतात तो. तिथे दरवर्षी 'ड्राफ्ट' होतो, म्हणजे संघ कॉलेजच्या पोरांना आळीपाळीने निवडतात. 2004 मध्ये जेसन पीटर्सला कोणीच निवडलं नाही. नंतर बफेलो संघाने त्याला असाच घेतला. तो पास झेलणारा टाईट एंड होता. संघाने त्याला लाईनमध्ये, समोरच्याला अडवायच्या जागी उभं केलं. या जागेवरच्या माणसाचं नाव टीव्हीवर क्वचितच येतं. पण त्याच जागेवर तो नऊ वेळा प्रो बोलसाठी निवडला गेला आणि वयाच्या 41 व्या वर्षीही मैदानात होता.

आता आपल्या मुलुंडकडे या. जन्म 1971. प्रवीण तांबे मुंबईच्या कांगा लीगमध्ये आणि ऑफिसच्या संघातून वर्षानुवर्षं खेळले. रणजीत जागा नाही. सुरुवातीला ते मध्यमगती गोलंदाज होते. ओरिएंट शिपिंगकडून खेळताना कर्णधाराच्या सांगण्यावरून लेगस्पिनकडे वळले. इथे जरा थांबा. मैदान तेच, चेंडू तोच, फक्त माल बदलला. आपल्या पोहरादेवीत बघा, रामनवमीच्या यात्रेत खेळणी विकणारा माणूस जूनमध्ये त्याच टेबलावर वह्या-कंपास लावतो. त्याला कोणी 'बिझनेस मॉडेल' शिकवलेलं नसतं, गिऱ्हाईक शिकवतं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. घर चालवायला नोकरी होती आणि नोकरीसोबत क्रिकेटही चालू होतं. "सगळं सोडून उडी मारा" असं सांगणारे व्हिडिओ खूप आहेत, मला ते पटत नाहीत. घरात दोन वेळचं निघत असेल तरच माणूस वाट पाहू शकतो. तुमची पगाराची नोकरी असेल, तर सहा महिने फक्त संध्याकाळी आणि रविवारी माल विकून बघा. गल्ला रोज वहीत लिहा.

2013 मध्ये राजस्थान रॉयल्सने तांबेंना घेतलं. लिलावात बोली नाही, थेट करार. तेव्हा कर्णधार राहुल द्रविड होते. मे महिन्यात जयपूरला दिल्लीविरुद्ध ते आयपीएलमध्ये उतरले तेव्हा वय 41. आणि पहिल्या हंगामात काय मिळालं? तीन सामने, गल्ला जवळपास रिकामा. दुकान उघडल्यावर पहिल्या महिन्यात कोणी पायरी चढत नाही ना, तसंच. पण त्याच वर्षी चॅम्पियन्स लीगमध्ये पाच सामन्यांत 12 विकेट, स्पर्धेत सगळ्यात जास्त. त्यानंतर कुठे मुंबईच्या रणजी संघाचं दार उघडलं.

5 मे 2014, अहमदाबाद. कोलकाता एक बाद न होता 121 वर, सामना जवळपास गेलेला. तांबेंनी मनीष पांडे, युसूफ पठाण आणि टेन डोशाटे यांना ओळीने बाद केलं. गंमत म्हणजे पहिली विकेट वाईड चेंडूवर, यष्टिचीत. म्हणजे हॅटट्रिक झाली मोजून दोन अधिकृत चेंडूंत! राजस्थानने तो सामना 10 धावांनी जिंकला.

पुढचा भाग मात्र कोणी फारसा सांगत नाही. 2020 च्या हंगामासाठी कोलकात्याने 20 लाखांना त्यांना घेतलं, वय 48. पण त्याआधी ते परदेशातल्या टी-10 लीगमध्ये खेळले होते, आणि बीसीसीआयच्या नियमात ते बसत नव्हतं. आयपीएल गेलं हातचं. अंगात कौशल्य होतं, हात चालत होता, तरी कागदाने अडवलं. म्हणून मी क्लासमध्ये उद्यम नोंदणी, शॉप अ‍ॅक्ट, एफएसएसएआय यांवर अख्खा दिवस घालवतो आणि पोरं कंटाळतात. पेढ्याचं दुकान यात्रेत जोरात चालत असतं, नेमकी तेव्हाच तपासणी येते.

तांबे घरी बसले नाहीत. त्याच वर्षी ते कॅरिबियन प्रीमियर लीगमध्ये त्रिनबागो संघाकडून खेळले, तिथे खेळणारे पहिले भारतीय. नंतर कोलकात्याच्या प्रशिक्षकांच्या ताफ्यात आले.

आता तुमच्या नामंजूर अर्जाकडे या. बँकेत जाऊन कारण लेखी मागा. सिबिल कमी, कोटेशन नाही, की जागेचा भाडेकरार नाही? प्रत्येकाचा इलाज वेगळा आहे. कारण कमेंटमध्ये टाका (खाते नंबर नको!), पुढच्या रविवारच्या व्हिडिओत एकेक घेऊ.