एका क्लिकमागचा कोन

१ ऑगस्ट २०२४ रोजी फ्रान्समधल्या शातोरू इथे स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात ऑलिम्पिक ब्राँझपदक जिंकलं आणि कोल्हापूर जिल्ह्यातलं त्याचं गाव कांबळवाडी देशभर पोहोचलं. या प्रकारात दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास अवघा १०.४ मिलिमीटर असतो. दुर्बीण लावायला परवानगी नसते, बारीक छिद्रातून नेम धरायचा असतो. पण ते छिद्र वर-खाली, डावी-उजवीकडे सरकवायला चकत्या असतात. दुर्बिणीवरही अशाच चकत्या असतात. चकती फिरवली की बोटांना खटका जाणवतो. हाच तो ‘क्लिक’.

एका क्लिकने गोळी किती सरकते? याचं उत्तर नुसत्या सेंटिमीटरमध्ये देता येत नाही. चकती बदलते तो नेमाचा कोन. एका बिंदूतून निघालेल्या दोन रेषा जितक्या लांब जातात, तितकं त्यांच्यातलं अंतर वाढतं. म्हणून तोच क्लिक जवळच्या लक्ष्यावर गोळी थोडी हलवतो, लांबच्या लक्ष्यावर जास्त.

हा कोन मोजायच्या दोन पद्धती रूढ आहेत. पहिली ‘मिनिट ऑफ अँगल’, म्हणजे एमओए. वर्तुळाचे ३६० अंश, प्रत्येक अंशाचे ६० भाग. त्यातला एक भाग म्हणजे एक एमओए. आकाशातला पूर्ण चंद्र आपल्याला सुमारे ३० एमओए एवढा दिसतो, यावरून हे माप किती सूक्ष्म आहे ते कळेल. १०० मीटरवर एक एमओए म्हणजे साधारण २.९ सेंटिमीटर. ५० मीटरवर त्याच्या निम्मं, म्हणजे सुमारे १४.५ मिलिमीटर. थोडक्यात, कुसाळेसमोरचं दहा गुणांचं वर्तुळ एका एमओएतही सहज मावतं!

दुसरी पद्धत मिलिरेडियनची. नेमबाज तिला नुसतं ‘मिल’ म्हणतात. एक मिल म्हणजे अंतराचा हजारावा भाग. १,००० मीटरवर एक मीटर, १०० मीटरवर १० सेंटिमीटर. मीटर-सेंटिमीटरमध्ये विचार करणाऱ्याला हा हिशेब तोंडी जमतो. एक मिल म्हणजे जवळपास ३.४४ एमओए.

चकतीवर बहुधा ‘१/४ एमओए’ किंवा ‘०.१ मिल’ असं लिहिलेलं असतं. तो एका क्लिकचा कोन. १०० मीटरवर पहिल्या प्रकारचा क्लिक गोळीला सुमारे ७ मिलिमीटर सरकवतो, दुसऱ्या प्रकारचा नेमका एक सेंटिमीटर. समजा, १०० मीटरवर झाडलेल्या पाच गोळ्यांच्या पुंजक्याचा मध्य नेमाच्या ६ सेंटिमीटर खाली आणि ३ सेंटिमीटर डावीकडे लागला. मिलच्या चकतीवर सहा क्लिक वर, तीन क्लिक उजवीकडे. एमओएच्या चकतीवर हेच साधारण आठ आणि चार होतील. लक्ष्य २०० मीटरवर असतं, तर तेवढ्याच सेंटिमीटरसाठी निम्मे क्लिक पुरले असते. दुरुस्ती एकट्या गोळीवरून नव्हे, पुंजक्याच्या मध्यावरून करायची. एखादी गोळी हात हलल्यानेही चुकू शकते.

दुर्बिणीच्या आत दिसणाऱ्या मिलच्या खुणांवरून अंतराचाही अंदाज बांधता येतो. दोन मीटर उंचीचा फलक दुर्बिणीत चार मिल दिसला, तर दोनाला हजाराने गुणून चाराने भागायचं. फलक ५०० मीटरवर आहे.

गोंधळ होतो तो पद्धती मिसळल्या की. काही दुर्बिणींत आतल्या खुणा मिलच्या आणि चकत्या एमओएच्या असतात. अशा वेळी डोळ्याने मोजलेला दोन मिलचा फरक चकतीवर दोन एमओए म्हणून फिरवला, तर जेमतेम तीस टक्के दुरुस्ती होते. नेमबाज मग शरीराची ठेवण, श्वास, घोडा दाबण्याची पद्धत या सगळ्यात दोष शोधत बसतो आणि चूक असते साध्या एककाची. म्हणून नवशिक्याने शक्यतो दोन्हीकडे एकच एकक असलेली दुर्बीण घ्यावी, चकतीवरचा आकडा आधी वाचावा, लक्ष्याचं अंतर नोंदवावं आणि मगच प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली, परवानाधारक रेंजवर पहिली गोळी झाडावी.